चाचांचा डावा पाय

जिल्ह्यात शासन नेमकं कुठे असतं, हे मी पत्रकांतून अनेकदा विचारलं. उत्तर आलं नाही. आमच्या गावापुरतं मात्र मला माहीत होतं. ते शेजारच्या चाचांच्या डाव्या पायात होतं. त्या पायाखाली त्यांच्या जुनाट पिकअपचा क्लच होता, आणि रिसोडच्या बाजाराला जाणारं सोयाबीन, अडलेल्या बाया, साप चावलेले, सगळे त्या पायाच्या भरवशावर गाव सोडत. रुग्णवाहिका? ती आमच्याकडे फक्त भाषणात येते.

चाचा अनवाणी गाडी चालवत. मे महिन्यात पत्रा चुलीसारखा तापला तरी चप्पल सीटखालीच. "चपलीतून हवा समजत नाई," म्हणायचे. क्लच तेलाच्या दाबावर चालणारा. खालच्या सिलिंडरचं रबर झिजलेलं. तेल झिरपायचं, नळीत हवा शिरायची, पेडल पावासारखं मऊ पडायचं आणि गिअर काही पडेना. रबर बदला म्हटलं की चाचा उसळायचे. "कायले बदलू? जुनी झाली म्हून चाचीले बदललं का म्या?"

मग रोज सकाळी तोच तमाशा. चाचा पाना घेऊन गाडीखाली आडवे, चाची ओढणी खोचून ड्रायव्हरच्या सीटवर, आणि खालून हुकूम: "दबा… पकड… छोड!" चाची पेडल दाबून धरायची, चाचा नट सैल करून हवा काढायचे, नट आवळायचे, मगच "छोड". त्याआधी पाय उचलला तर हवा परत आत. चाचीनं कधी उचलला नाही. एवढ्या एकाच गोष्टीत बायको माझं ऐकते, असं चाचा गावभर सांगत.

रुग्णवाहिकेसाठी मी पत्रकं काढली तेव्हा म्हणाले, "लिव्ह बाप्पा, लिव्ह. गाडीच्या टपाले चिकटव, तेवढाच पत्रा गार राह्यते."

एका दुपारी त्यांच्याच छातीत कळ आली. रुग्णवाहिकेला फोन केला. 'गाडी निघाली आहे' असं ऐकलं, आणि ऐकतच राहिलो. शेवटी चाचांना पिकअपच्या हौद्यात गादीवर निजवलं. चालवणार मी. पेडल दाबलं, ते थेट तळाला गेलं.

पाना घेऊन मी खाली शिरलो, चाची सीटवर चढली. हौद्यातून दम लागलेला आवाज आला, "बे पत्रकवाल्या, उलटा कायले फिरवून राह्यला? अन् तिनं चप्पल काढली का?"

काढली होती.

"दबा…"

"पकड…"

नट सैल केला. तेलाबरोबर बुडबुडे आले, मग नुसतं तेल. आवळला. हवा गेली होती, गाडी तयार होती.

"छोड" आलंच नाही.

"छोडूं क्या?" चाचीनं विचारलं. पुन्हा विचारलं. शेवटी मीच वर येऊन तिचा पाय हातानं उचलला, आणि निघालो.

दवाखान्यात म्हणाले, उशीर झाला. कोणाकडून, ते म्हणाले नाहीत. ते मी लिहितो, छापतो, भिंतीभिंतीवर चिकटवतो.

रबर मी बदललं. आता हवा शिरत नाही, पेडल एकदम कडक लागतं. तरी चाची सकाळी चप्पल काढून सीटवर जाऊन बसते, पेडल दाबून धरते. मी उगाच गाडीखाली शिरतो, आणि थोड्या वेळानं हळूच म्हणतो, "छोडो, चाची."

ती लगेच सोडत नाही.