पुस्तक आण, मग टोप ने

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे. वाचनालय चालवणारी बाई हळू बोलणारी असावी अशी लोकांची समजूत असते. मी तशी नाही. कितीतरी वर्षं आमचं छोटं वाचनालय मी सांभाळते आहे, आणि त्यातली निम्मी तरी लोकांच्या दारात उभी राहून ‘पुस्तक कुठाय?’ असं विचारण्यात गेली असतील. मला लांबून येताना पाहून माणसं मागच्या दारानं माडांच्या वाडीत जात.

आमची वस्ती मुरुडच्या बाहेर आहे. समुद्राकडे कोळीवाडा, डोंगराकडे भातशेती करणाऱ्यांची आळी, आणि मधल्या माळावर गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या चाळी, बंगले, दोन-तीन इमारती. गाव म्हणावं तर गाव नाही, शहर म्हणावं तर एसटी अजून हात दाखवल्यावर थांबते. वाचनालय या माळावरच होतं, पत्र्याच्या एका खोलीत. मोठं वादळ आलं तेव्हा ते पत्रे उडून थेट खाडीकाठच्या खाजणात जाऊन पडले. कपाटं उघड्या पावसात चार दिवस उभी होती. मी पोचले तेव्हा आत पुस्तकांचा लगदा झाला होता. मी तो घमेल्यानं भरून बाहेर टाकला आणि घरी येऊन दोन दिवस कोणाशी बोलले नाही.

एक ट्रंकभर पुस्तकं तेवढी शाबूत राहिली. बाकी जी काही जिवंत होती ती लोकांच्या घरात होती. म्हणजे वर्षानुवर्षं ज्यांच्या नावानं मी बोटं मोडत होते, त्या बुडव्यांनीच माझं वाचनालय राखलं होतं. हे कबूल करायला मला बराच वेळ लागला.

पुढे वस्तीसाठी समाजमंदिर बांधायचं ठरलं. लग्नाला, हळदीला, बैठकीला मोठा हॉल, आणि त्याच्या बाजूला वाडीकडे तोंड केलेली एक खोली. नकाशात त्या खोलीवर ‘वाचनालय’ असं लिहिलेलं होतं. तो नकाशा मी इतक्यांदा बघितला की त्याच्या घड्या फाटल्या. खोलीला तीन खिडक्या होत्या. पत्र्याच्या खोलीत एक होती, आणि तीही उघडत नसे.

स्लॅबचा दिवस मी विसरणार नाही. मुद्दाम अष्टमी धरली होती. त्या दिवसांत भरतीला जोर नसतो, जाळ्यात फारसं काही लागत नाही, त्यामुळे कोळीवाड्यातल्या होड्या किनाऱ्याला आणि माणसं घरी. मिक्सरची घरघर सकाळी सुरू झाली ती दुपार उलटली तरी थांबली नाही. ठेकेदाराची माणसं होतीच, पण वस्तीतल्या कोणाचंच नुसतं बघून भागेना. जाळी ओढणारे हात घमेली वर चढवत होते, खाली बायका वालाची आमटी आणि भात शिजवत होत्या, आणि सुकटीच्या चटणीचा वास थेट वर स्लॅबवर पोचत होता. दुसऱ्या दिवशी ठेकेदार म्हणाला, स्लॅबवर पाणी तुंबवून ठेवायला हवं. त्यानं सांगायचा अवकाश, शेतकरी आळीतल्या बायकांनी वर जाऊन असे सरळ बांध घातले आणि असे वाफे पाडले की तो बघतच राहिला. ‘आता वर लावणी करून टाकू का?’ असं एकीनं विचारलं, तेव्हा मीसुद्धा पोट धरून हसले.

त्या स्लॅबच्या जेवणातच माझं एका माणसाशी वाजलं. गावकीची भांडी सांभाळणारे काका. आमच्याकडे लग्नकार्याची मोठी भांडी कोळीवाडा आणि शेतकरी आळी यांनी मिळून घेतलेली आहेत. माणूस बसेल एवढे टोप, पराती, पितळेचे हंडे, झारे. ती कोणी न्यायची, कधी आणायची, हे सगळं काका बघतात. सत्तरीच्या पुढचा, काटक माणूस. भांडं परत आलं की त्याला टिचकी मारून कान लावतात आणि कुठे पोचा आला ते आवाजावरून सांगतात. वादळात भांड्यांची पडवीही पडली होती, तेव्हापासून सगळी भांडी त्यांच्या अंगणात ताडपत्रीखाली होती. जेवणं झाल्यावर ते हात धूत धूत त्या नव्या खोलीच्या भिंतीपाशी गेले, आत डोकावले आणि म्हणाले, “माझी भांडी हितं बरोबर बसतील.”

“तिथे वाचनालय आहे,” मी म्हटलं.

“कुठं हाय?” त्यांनी खरंच इकडेतिकडे बघितलं. “एका पेटीचं वाचनालय. कुनाच्या पन माळ्यावर र्‍हाईल.”

मग मी जे बोलले ते चारचौघांनी ऐकलं.

पण वाईट हे झालं की समाजमंदिर समितीच्या सचिवालाही काकांचं म्हणणं पटलं. तो सरळ माणूस, माझ्याच वाचनालयात वाचून मोठा झालेला. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, “मॅडम, भांडी उघड्यावर आहेत आणि ती सारखी लागतात. एका ट्रंकेसाठी एवढी खोली मी लोकांना कशी पटवू? उद्घाटनाआधी बैठक आहे. तोवर मांडण्या भरून दाखवा. नाहीतर खोली भांड्यांना जाईल.” नवी पुस्तकं मिळायची होती ती जागा पक्की झाल्यावरच. म्हणजे खोली गेली तर वाचनालय गेलं. पुन्हा कोणी ते उभं करणार नव्हतं, आणि माझ्यात ती ताकद उरली नव्हती.

मी कागदांवर लिहिलं: ज्यांच्याकडे पुस्तकं आहेत त्यांनी आणून द्यावीत, कोणालाही काहीही विचारलं जाणार नाही. एसटी स्टँडवर लावलं, दुधाच्या केंद्रावर लावलं. महिनाभरात दोन पुस्तकं आली, त्यातलं एक आमचं नव्हतंच. सचिव हसून म्हणाला, “लोक घाबरतात हो तुम्हाला.” मी घरी येऊन आरशात बघितलं. घाबरण्यासारखं काही दिसलं नाही, पण लाज वाटली.

तुळशीचं लग्न झालं आणि लग्नाचे दिवस सुरू झाले. तोवर खोलीला रंग लागला होता, माणगावहून आणलेल्या फळ्यांच्या मांडण्या उभ्या होत्या, आणि मी रोज दुपारी त्या रिकाम्या मांडण्यांसमोर बसत होते. एके दिवशी दारात मासळीची पाटी उतरली. कोळीवाड्यातली एक बाई. तिच्या घरी मुलीची हळद होती. तिनं पदराखालून एक जाडजूड कादंबरी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. वादळाच्याही आधी नेलेली. पानांना सुक्या बोंबलाचा वास होता.

“घे तुजा पुस्तक, आनि मना चिठ्ठी दे,” ती म्हणाली.

“कसली चिठ्ठी?”

“मिलाला म्हनून. काका टोप देत न्हाय. बोलतात, बायचा पुस्तक हाय तुज्याकडं, आदी ते दे, मंग टोप ने.”

मी चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठी कमरेला खोचून ती निघाली आणि दारातून परत वळली. “अर्दा वाचायचा र्‍हायलाय,” म्हणाली. “हळद होऊ दे, मंग येऊन हितंच वाचते.”

त्यानंतर पुस्तकं येतच राहिली. कोणाच्या घरी लग्न, कोणाच्या साखरपुडा, कोणाच्या सत्यनारायण. ज्या ज्या घराला टोप हवा होता, त्या त्या घराचा माळा झाडला गेला. कोणी लोखंडी पेटीतून काढून आणली, कोणी तांदळाच्या कणगीमागून. ज्यांची कौलंच उडाली होती ते रिकाम्या हातांनी आले, पण तेही येऊन सांगून गेले. काहींनी शरमेपोटी स्वतःचीही दोन पुस्तकं वर ठेवली. मांडण्या भरायला लागल्या. मी एकटीच असताना गाणं म्हणायला लागले होते, आणि माझा गळा कसा आहे ते सगळ्यांना माहीत आहे.

काकांचं हे वागणं मात्र मला समजेना. त्यांनाही खोली हवी होती. मी त्यांच्या अंगणात गेले. ते ताडपत्रीखालून झारे मोजत होते.

“काका, तुम्ही हे का करताय?”

त्यांनी वर बघितलं नाही. “नेलेली वस्तू परत येत न्हाय म्हंजे काय? मना झोप लागत न्हाय. कोनाची का असंना.”

“आणि खोली?”

“खोलीचं बैठकीत बगू.”

त्यांचे आभार मानायला गेले होते, ते तसेच राहिले.

बैठकीच्या आदल्या दुपारी काका खोली मोजायला आले. हातात दोरी. माझा पारा चढला. कोळीवाड्यातली ती बाई बाजार आटपून आली होती आणि मधल्या खिडकीखाली पाय पसरून आपलं राहिलेलं अर्धं वाचत होती. वाडीतल्या माडांवरून वारा आत येत होता. काकांनी एका भिंतीपासून दोरी धरली, खिडकीपाशी आले आणि तिला म्हणाले, “पाय काड गो.” तिनं पानावरची नजर न हलवता पाय वर घेतले. दोरी पुढे गेली, तिनं पाय पुन्हा पसरले. काकांनी तिच्याकडे बघितलं, आणि वर खिडकीकडे. मग दोरी गुंडाळून निघून गेले.

मला वाटलं, माप बरोबर आलं. मी घरी जाऊन तडक भाषण लिहायला बसले. तीन पानं लिहिली. त्यात त्यांच्या भांड्यांना मी भंगार म्हटलं होतं, एकदा नाही, दोनदा.

बैठक नव्या हॉलमध्येच झाली. सतरंज्या कमी पडल्या इतकी माणसं. सचिवानं खोलीचा विषय काढला आणि आधी काकांना बोलायला सांगितलं. ते गुडघ्यावर हात टेकून उठले.

“भांड्याला खिडकी लागत न्हाय,” ते म्हणाले. “माज्यासाठी गच्चीच्या जिन्याखालची जागा बास हाय.” आणि खाली बसले.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सचिव माझ्याकडे वळला. “मॅडम, तुमचं काय म्हणणं आहे?”

मी उभी राहिले. तीन पानं हातात होती, आणि त्यावरचा तो शब्द मलाच वर तोंड करून बघत होता. मी पानांची घडी घातली, पुन्हा घातली, ती मुठीत मावेपर्यंत घातली. डोळे भरून आले होते, आणि ते सगळ्यांना दिसत होते, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

“जिन्याखाली ओल येते,” मी म्हटलं. “भांडी जमिनीवर ठेवली तर पितळ हिरवं पडेल. माझ्या मांडण्यांतल्या दोन फळ्या मी त्यांना देते.”

काकांनी मान वर केली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ते माझ्याकडे नीट बघत होते.

“तीन लागतील,” ते म्हणाले.

मी तीन दिल्या.