दुसऱ्या मजल्यावरचं तळं

शीला वाळूजच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. बजाजनगरात एका खोलीत राहते. अक्षर मोत्यासारखं, पण रजेचा अर्जसुद्धा ती शेजारणीकडून लिहून घेते. तिच्या हातातलं पेन ज्यांनी काढून घेतलं त्यांत मी पहिला. तिचा मराठीचा मास्तर.

गोष्ट दोन हजार तेराची. सलग दोन वर्षं पावसानं दगा दिलेला. इकडे शहर मात्र सुटलेल्या पोटासारखं चारी बाजूंनी वाढत होतं, आणि बीड बायपासला जिकडं बघावं तिकडं इमारती उठत होत्या. शीलाचे वडील सूर्यभान, पोरांचे दादा, जातीचे धनगर. गावची विहीर आटली तशी तेवीस मेंढ्या आणि बायकापोरं घेऊन ते शहरात आले आणि आप्पासाहेब नावाच्या बिल्डरच्या साइटवर वॉचमन झाले. राहायला पत्र्याची खोली मिळाली, चरायला मोकळे प्लॉट होते. पाणी नव्हतं. टँकर यायचा तो बांधकामासाठी. माणसांना त्यातल्या दोन घागरी, जनावरांना थेंब नाही.

शीला नववीत, आमच्या पुंडलिकनगरच्या शाळेत. त्या वर्षी एका मंडळानं शाळकरी मुलांसाठी कथालेखन स्पर्धा ठेवली. मी वर्गात दम भरला, "पऱ्या आणि राजपुत्र आणलेत तर वही खिडकीबाहेर फेकीन. जे पाहिलंय ते लिहा."

शीलानं लिहिलं ते असं. स्लॅब टाकला की तो मुरावा म्हणून त्यावर सिमेंटची आळी करतात आणि पाण्यानं भरून ठेवतात. पहाटे, गवंडी यायच्या आत, तिच्या गोष्टीतला धनगर मेंढ्यांना जिन्यानं वर चढवतो. मेंढ्या जिना बघून बुजतात, म्हणून पुढं बोकड. दुसऱ्या मजल्यावर भिंती नाहीत, नुसतं आभाळ आणि पाणी. मेंढ्या रांगेनं माना घालून पितात आणि धनगर म्हणतो, देवानं तळं खाली ठेवलं नाय, वर ठेवलं.

मी वाचून थक्क झालो. काय डोकं चालवलंय पोरीनं, असं वाटलं. वर्षभर शिकवून मी एकदाही तिच्या घरी गेलो नव्हतो, नाहीतर तेव्हाच कळलं असतं.

पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. समारंभाच्या सकाळी आई कस्तुराबाईंनी तिच्या कपाळी बिरोबाचा भंडारा लावून पाठवलं. कपाळी भंडारा असताना खोटं बोलायचं नसतं, हे धनगराच्या लेकराला कुणी शिकवावं लागत नाही. मला ते ठाऊक नव्हतं. मला बरंच काही ठाऊक नव्हतं.

स्पर्धेचा खर्च आप्पासाहेबांनी उचललेला, म्हणून प्रमुख पाहुणेही तेच. परीक्षक बाईंनी गोष्ट वाचून दाखवली. सभागृह डोलत होतं, आप्पासाहेब सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत होते. बाईंनी माईक शीलापुढं धरला.

"इतकी सुंदर कल्पना तुला सुचली कशी गं?"

"सुचली नाय, मॅडम. खरं हाय ते. आमचे दादा नेतात मेंढ्या वर."

सभागृह हसलं. बाईही हसल्या. "हो का? कुठल्या बिल्डिंगवर?"

शीलानं आप्पासाहेबांकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मी पहिल्या रांगेत छाती फुगवून बसलो होतो. माझ्या विद्यार्थिनीचं कौतुक चाललंय, बोलू दे की तिला! मी मान हलवली. सांग.

"ह्या सायबांच्याच. बायपासच्या."

आप्पासाहेब हसतच राहिले. बक्षीस दिलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला, फोटो काढून घेतला. आणि मी? मी उठून "अहो, लेकरू आहे, गोष्ट आहे ती" एवढं म्हणालो असतो तरी निभावलं असतं. पण त्याच इमारतीत, त्याच दुसऱ्या मजल्यावर, मी फ्लॅट बुक केला होता. खरं सांगतो, मला त्या क्षणी पोर दिसलीच नाही. मला माझा स्लॅब दिसला.

दुसऱ्या दिवशी शीला शाळेत आली नाही. दुपारी मी साइटवर गेलो. गेटबाहेर खोलीतून काढून टाकलेली भांडी, गोधड्या आणि कस्तुराबाई. खाटकाच्या टेम्पोत सूर्यभान एकेक मेंढी उचलून देत होते. पाण्याविना त्यांना कुठं नेणार होते? मी त्यांच्याजवळ थांबायला हवं होतं. मी सरळ जिना चढलो.

वर गुडघ्यावर बसून मी स्लॅबवरून हात फिरवत होतो, तडा शोधत. मागं पावलं वाजली. शीला होती. तोंड रडून सुजलेलं. मला वाटलं शिव्या देईल, किमान का मान हलवलीत म्हणून विचारील.

"सर, तुमचं घर हाय व्हय हे?"

मी मान हलवली.

"मग घोर नका करू. काय झालेलं नाय त्याला. पहिले आठ दिस मेंढ्या वर आणल्याच नव्हत्या आमी. लई तहानल्या होत्या, दोन मेल्या बी. पण दादा म्हणले, कच्चं हाय अजून, कुणाचं तरी घर हाय ते."