सिनेमाचं प्रस्थान

पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या चिरंजीवांनी आईबापाच्या लग्नाच्या वाढदिवसाला काय पाठवावं? साडी नाही, शर्टपीस नाही, गेला बाजार मिठाईचा पुडाही नाही. घरबसल्या सिनेमे बघायच्या सबस्क्रिप्शनचा पासवर्ड पाठवला. "आई, आता हवा तो सिनेमा बघा." हवा तो! रत्नागिरीत इतकी वर्षं संसार केला, हवी ती भाजी हव्या त्या दिवशी मिळाली नाही, आणि हा मला हवा तो सिनेमा दाखवणार.

उघडून बघितलं तर काय, नुसती चित्रंच चित्रं. वर लिहिलेलं, "खास तुमच्यासाठी". खास माझ्यासाठी म्हणजे काय, तर एक बाई सुरा घेऊन उभी, तिच्या शेजारी एक पोलीस, त्याच्या शेजारी एक मुडदा. मी काय खाटकाच्या घरातली आहे? यांना मी विचारलं, "अहो, यांना कोणी सांगितलं मला मुडदे आवडतात म्हणून?" हे म्हणाले, "ते आपोआप ओळखतं." म्हटलं, छान ओळखलंय मेल्यांनी. तुम्ही इतक्या वर्षांत ओळखलं नाहीत, त्या मानाने बरंच.

पूर्वी व्हिडिओ भाड्याने आणायचे तेव्हा बरं होतं. नाक्यावरचा कॅसेटवाला मशीन स्वतः जोडून द्यायचा, वाडीतली सगळी पोरंटोरं सतरंजीवर येऊन बसायची, आणि सकाळी कॅसेट द्यायला उशीर झाला तर तो चार शब्द बोलायचा. पण माणूस होता. त्याला सांगता यायचं की बाबा, घरात आजारपण आहे, दुपारी देते. या नव्या दुकानात कोणाला काय सांगणार? बरं, महिन्याची वर्गणी भरलेली असूनही नेमका हवा तो सिनेमा वेगळं भाडं भरल्याशिवाय दिसत नाही. ताटाचे पैसे घ्यायचे आणि मीठ मागितलं की वेगळं बिल, अशातली गत.

पण हा सगळा खटाटोप आम्ही ज्या सिनेमासाठी केला, तो माझ्या सासूबाईंचा.

सासूबाई ऐंशीला टेकल्या आहेत. माझे सासरे लाँचवर खलाशी होते. मी त्यांना बघितलं नाही, आणि खरं सांगायचं तर यांनीही नाही. हे रांगत होते तेव्हाच ते तापाने गेले. घरात त्यांचा एकच फोटो, तोही लग्नातला. मान खाली, मुंडावळ्या पार हनुवटीपर्यंत आलेल्या. त्या फोटोत सासरे आहेत हे सांगावं लागतं. माझा नवरा बापाचं तोंड कसं होतं हे आजतागायत आरशात बघून ओळखत आलाय.

तर त्या काळी बंदरावर सिनेमाचं शूटिंग झालं होतं. लाँच धक्क्याला लागते असा काहीतरी प्रसंग होता आणि धक्क्यावरून दोर झेलायला सासऱ्यांना उभं केलं होतं. घरी येऊन ते म्हणाले होते, "साहेब सांगत होता, हसू नकोस म्हणून. पण मी हसलो." बस्स, एवढंच. सिनेमा लागला तेव्हा सासूबाई यांच्या वेळच्या बाळंतपणाला माहेरी, मालगुंडला. सासऱ्यांनी तो तीनदा बघितला. सासूबाई बाळ घेऊन घरी आल्या तोवर सिनेमा गेला होता, आणि पुढच्या वर्षी सासरेही गेले. मग एकदा टीव्हीवर लागला म्हणे, तर नेमकी वीज गेलेली. साहेबाने ते हसणं ठेवलं का कापलं, हे त्या माउलीला अजून कळलेलं नाही. मी नवी सून म्हणून आले त्या वर्षीच सांगितलं होतं त्यांनी मला हे, आणि नंतरही कितीदा तरी. आता त्यांना काचबिंदू आहे. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय, गेलं ते परत यायचं नाही, राहिलंय ते थेंब घालून राखा. त्या टीव्ही बघतात तेव्हा स्टूल अगदी पुढ्यात घेऊन, नाक काचेला लावून बघतात.

आणि त्या मुडद्यांच्या गर्दीत माझ्या मुलाला तो सिनेमा सापडला! काळा-पांढरा, खरवडलेला, पण तोच. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं की लवकरच इथून जाणार. मुलाने तिकडूनच भाडं भरलं आणि फोन केला, "आजीला सांग, आता काळजी नको. एकदा घेतला की महिनाभर आपला. निवांत बघा."

निवांत! हा शब्द आमच्या घरात उच्चारूच नये. त्याच दिवशी दिवा लावून बसलो असतो तर काम झालं असतं. पण नाही. सासूबाई म्हणाल्या, "भावोजींना बोलवा गो. त्यांच्याशिवाय ओळख कोण पटवणार?" भावोजी म्हणजे सासऱ्यांचे धाकटे भाऊ, आमचे मुंबईचे काका. त्यांना फोन गेला. काकांनी सुनेला विचारलं, सुनेने सुट्टी बघितली, आणि ठरलं की शनिवारी दुपारी येतील आणि रविवारी सकाळच्या गाडीने परत जातील. काका भावाला बघायला येणार की सुरमईला, हे देवाला ठाऊक. फोनवर आधी बाजारभाव विचारला, मग सिनेमाचं नाव.

इथवर ठीक होतं. मग यांनी कालनिर्णय उघडलं. शनिवारी अमावास्या.

"अमावास्येला नको," हे म्हणाले.

"का नको? पितरांचीच तिथी ती. उलट बरंच."

"पितरांना अमावास्येला जेवायला घालतात. बघायला बोलावत नाहीत."

माझा नवरा स्कूटर घ्यायला मुहूर्त बघतो, ती पंक्चर झाली की मात्र पंचांग बघत नाही. मी म्हटलं, मग काकांना सांगा पुढच्या आठवड्यात या. तर ते जमणार नव्हतं. रविवारी बघावा तर काका पहाटेच निघणार. शेवटी सासूबाईंनीच तोड काढली.

"प्रस्थान ठेवा."

कोणाला ठाऊक नसेल तर सांगते. प्रवासाला निघायचा दिवस वाईट असला की आधीच्या चांगल्या दिवशी तांदूळ-सुपारीचं गाठोडं बांधून शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे त्या दिवशीच निघालो असं धरतात. मग खरे पाय कधीही उचला. माझ्या आईने हे केलेलं मी बघितलंय. पण सिनेमाचं प्रस्थान? मी हसून हसून बेजार झाले. हे मात्र गंभीर. गुरुवार उत्तम आहे म्हणाले, सकाळी थोडा सुरू करून बंद करायचा, उरलेला शनिवारी. नंतर काही विघ्न नाही.

गुरुवारी सकाळी आंघोळ करून हे टीव्हीपुढे हात जोडून बसले. टीव्हीवर हळदकुंकू लावायला निघाले होते, मी हात धरला. पुढ्यात सुपारी ठेवली. सासूबाई स्टुलावर, नेहमीसारख्या नाक लावून. रिमोट माझ्याकडे, कारण यांच्या हातात दिला की हे थेट बातम्यांवर जातात. बटण दाबलं तर मध्येच एक इंग्रजी पाटी आली, बारीक अक्षरांची, खाली "ओके". मी ओके केलं. असल्या पाट्या आजवर कोणी वाचल्यात? तुम्ही वाचल्यात?

सिनेमा सुरू झाला. नावं आली, समुद्र आला, त्याच्यावर कसलंसं संगीत. मग आमचं बंदर. हे डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. स्वयंपाकघरात माझा कुकर तिसरी शिट्टी द्यायच्या बेतात. एक लाँच धक्क्याकडे येत होती.

"थांब गो जरा," सासूबाई म्हणाल्या.

"आई, हे प्रस्थान आहे, मुक्काम नव्हे," मी म्हटलं आणि बंद केला. माझ्याच विनोदावर मी हसले. यांनी सुपारी उचलून देवापुढे ठेवली.

शनिवारी काका आले. काकूंना गुडघ्यांमुळे जमलं नाही, तरी त्यांनी माझ्यासाठी निरोप पाठवला होता की काकांना तिखट चालत नाही. सुरमई आणली होती, अमावास्या असूनही. मुहूर्त फक्त सिनेमाला लागतो, माशाला नाही. खालच्या मजल्यावरची माणसं आली, सासूबाईंची मालगुंडची भाची आली. सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून बसल्या होत्या. डोळ्यांत थेंब घालून झाले होते. मुलगा व्हिडिओ कॉलवर, माझा फोन भिंतीला टेकवून ठेवलेला, म्हणजे तोही मांडीला मांडी लावून बसल्यासारखा.

मी बटण दाबलं. सिनेमाच्या चित्रावर एक रेघ आली आणि खाली लिहिलेलं, भाड्याची मुदत संपली.

"हे काय?" सगळे एकदमच.

मुलाने तिकडून विचारलं, "आई, तू आधी सुरू केला होतास का?"

"प्रस्थान ठेवलं होतं," हे म्हणाले.

"काय ठेवलं होतं?"

त्याला समजावून सांगितलं. मग तो म्हणाला की सुरू केला नाही तर महिनाभर राहतो, पण एकदा सुरू केला की अठ्ठेचाळीस तास. मुदत सकाळीच संपली. "पाटी आली असेल ना तशी?" आली होती हो बाबा. ओके केलं होतं. म्हटलं, मग पुन्हा घे भाड्याने, आत्ताच्या आत्ता. तो काहीतरी चाचपत राहिला. सिनेमा तिथून काढून टाकला होता. म्हणजे आम्ही सुपारी ठेवून बसलो होतो, तेवढ्यात दुकानदार माल उचलून गेला. आणि जाताना काय ठेवून गेला? "तुम्हाला हेही आवडेल." त्याच्याखाली तीच ती सुरा घेतलेली बाई.

मग जो तमाशा झाला तो विचारू नका. काका म्हणाले, "आमच्या मुंबईत असं होत नाही." हो, मुंबईत समुद्रसुद्धा गोड असतो. हे म्हणाले, मुहूर्त चुकला नव्हता, दोष कंपनीचा. मी म्हटलं, तुमच्या त्या सुपारीला विचारा आता. भाचीने मुलाला नावं ठेवली, मुलाने पाटीला, खालच्या मजल्यावरच्यांनी आमच्या वायफायला. अर्धा तास भांडून सगळे जेवायला बसले. सुरमई संपली, हे सांगायला नकोच. काका रविवारी गेले. जाताना म्हणाले, "वहिनी, तसाही मला त्याचा चेहरा आता नीटसा आठवत नाही." मग आलात कशाला, हे मी ओठांवर आलेलं गिळलं.

रविवारी दुपारी मी सासूबाईंच्या डोळ्यांत थेंब घालत होते. तोंड वर करून बसल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "गुरुवारी होता गो तो."

"कोण?"

"धक्क्यावर. लाँच आली ना, तेव्हा. पाठमोरा होता. पाठ त्याचीच, डावा खांदा असा उतरलेला. दोर झेलला आणि वळत होता, तेवढ्यात तू बंद केलंस."

मी रागावलेच त्यांच्यावर. खरंच रागावले. "अहो आई, मग बोलला का नाहीत? मी लगेच लावला असता! थांब म्हणजे काय, नीट सांगायचं ना!"

"सांगणार होते. मग म्हटलं, भावोजी यायचेत, पोरगा बघणार, सगळे येणार. आपण आधी बघितला तर त्यांना उष्टंच वाढल्यासारखं नाही का व्हायचं? दोन दिवसांचा तर प्रश्न. एवढी वर्षं थांबले."

मी दुसऱ्या डोळ्यात थेंब घातला. माझ्यासारखीने बोलू नये असं वर्षातून एकदा होतं, ते त्या दुपारी झालं. यांना हे मी अजून सांगितलेलं नाही. बापाची पाठ टीव्हीवर होती तेव्हा माझा नवरा डोळे मिटून मुहूर्त साधत होता, हे कुठल्या तोंडाने सांगू?

सबस्क्रिप्शन मी बंद केलेलं नाही. मुलगा म्हणतो, आई, तू तर बघतच नाहीस, काढून टाकू का? खबरदार, म्हटलं. रोज तिन्हीसांजेला दिवा लावला की मी त्या दुकानात जाते, शोधायच्या चौकोनात एकेक अक्षर दाबत सिनेमाचं नाव लिहिते. मुडदे येतात, सुरेवाली येते, स्वयंपाकाच्या स्पर्धा येतात. तो येत नाही. सासूबाई आता स्टूल पुढे घेत नाहीत, भिंतीला टेकूनच बसतात. उजव्या डोळ्याने तर आता दिवा कुठे आहे एवढंच कळतं.

"आला का गो?" त्या विचारतात, एसटीची चौकशी करावी तशा.

"नाही आला, आई."

परवा मात्र त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "हे बघ, आला की लगेच लाव. मुहूर्त नको, कोणाला बोलावू नकोस. मला नाही दिसलं तरी चालेल. तू बघ, आणि मला सांग, हसला होता का तो."