उत्तर आल्याबिगार पाय उचलायचा नाय

प्रार्थना संपून शेवटचं आमेन झालं, की आम्ही सगळे डोळे उघडून चपला शोधायला लागायचो. तात्यांचे डोळे मात्र मिटलेलेच असायचे. मग ते उजवा तळवा तोंडापाशी वाकडा धरायचे, समोरच्या डोंगरावरच्या माणसाला हाक मारताना धरतात तसा, आणि माझ्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत हळू आवाजात एकेकाला हाक मारायचे.

"नर्सबाय, हाय का?"

"हाय."

"टेलर, हाय का?"

"हाय."

मांडीला मांडी लावून बसलेल्या माणसाला विचारायचं, तू आहेस का. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला दिसत नसावं. माझी पाळी आली तेव्हा मी मोठ्या कौतुकाने म्हटलं, "तात्या, ही काय मी, तुमच्या समोरच बसलेय."

"दिसतेस गो बाय," तात्या डोळे न उघडता म्हणाले, "पन हायस का?"

आता सांगायला हरकत नाही, मी तेव्हा नव्हते. माझं चित्त चुलीवरच्या डाळीत होतं.

तात्यांचं खरं नाव सांगत नाही. पोलादपूरच्या वर, महाबळेश्वरला जाणाऱ्या घाटाच्या अंगाला त्यांची वाडी. लहानपण गुरांमागे गेलेलं, मग घाटरस्त्याच्या कामावर लागले. पावसाळ्यात दरड आली की दगड बाजूला काढायचे आणि लाल फडकं घेऊन गाड्या थांबवायच्या, हे त्यांचं काम. रविवारी दुपारी एसटीने महाडला यायचे आणि आमच्या घरी भरणाऱ्या प्रार्थनेला बसायचे. मंडळी ती किती? कारखान्यातली दोनतीन कुटुंबं, नर्सबाई, टेलर, तात्या आणि मी.

मी म्हणजे कोण, तेही ऐका. मी नगरकडची, तीन पिढ्यांची ख्रिस्ती. लग्न करून महाडला आले. आमचे हे इथे कारखान्यात बॉयलरवर होते. या डोंगरातल्या लोकांना विश्वास शिकवायला देवाने मला पाठवलंय, अशी माझी पक्की समजूत होती. त्यातून मला युगाच्या शेवटाचं, म्हणजे ख्रिस्त परत येणार आणि हे जग संपणार याचं, वेड लागलेलं. वर्तमानपत्रात कुठे युद्ध झालं, भूकंप झाला, की ते कात्रण मी कपाटाच्या दाराला आतून भाताच्या खळीने चिकटवायची. पुढे झुरळांनी खळीपायी सगळी युद्धं खाल्ली, भूकंप तेवढे शिल्लक राहिले. पण मी डगमगले नाही. आपण वाढतोय, इतर लोक मागे राहिलेत, हे मला आतून अगदी स्पष्ट जाणवायचं. तुमच्याही पाहण्यात अशी एखादी बाई असेल. तिला हसा, पण जेवायला बोलावत जा. अशी माणसं उपास फार करतात.

एका वर्षी तर मी जाहीरच केलं, की यंदा अगोट भरणार नाही. कोकणात पावसाळ्याआधी चार महिन्यांचं सामान भरून ठेवतात, तांदूळ, मसाला, सोडे-सुकटीसारखी सुकी मासळी, त्याला अगोट म्हणतात. मी म्हटलं, प्रभू पावसाच्या आधी येणार, सोडे कशाला निवडत बसू? रविवारी तात्यांच्या कानावर गेलं.

"आला तर बरंच हाय," ते म्हणाले. "पन दमून येल गो. त्येच्या ताटात काय वाढशील?"

मी त्यांना शास्त्र समजावू लागले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. पुढच्या रविवारी येताना पिशवीतून सुके बोंबील, सुकट आणि कैरीची आंबोशी घेऊन आले, आणि माझ्या रिकाम्या डब्यांत आपल्या हाताने भरून ठेवली. ऐन आषाढात बाहेर धो धो कोसळत असताना मी त्या सुकटीचं कालवण करून भाताबरोबर ओरपलं. प्रभू आला नव्हता. आला असता तर त्याच्यासाठी फार काही उरलंही नसतं.

तात्या ख्रिस्ताकडे कसे आले, तीही गोष्ट लोकांना विचित्र वाटायची. त्यांची बायको आजारी पडली, तिला झोळीत घालून खाली दवाखान्यात आणली. नर्सबाईंनी तिच्यासाठी प्रार्थना केली. बायको वाचली नाही. तरी तात्या पुढच्या रविवारी नर्सबाईंना शोधत आले आणि येतच राहिले. वाडीतले म्हणायचे, अरे, बायको तर गेली, मग तू कशापायी जातोस? तात्या म्हणायचे, "ती बाय माझ्यासंगं रडली. रडली आन् मंग हात धरून बसली. तिचा देव कोन त्ये बघाया गेलो."

मी ही साक्ष आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना सांगताना त्यात थोडी भर घालायची, चमत्काराची. तात्या लगेच दुरुस्त करायचे.

आता हाकेची गोष्ट. एकदा मी त्यांना विचारलंच, की हे हाक मारणं कुठल्या उपासनेत बसतं? त्यांनी सांगितलं, ते गुरांच्या वाटेवरचं आहे. पावसाळ्यात त्यांच्या वाडीवर धुकं असं उतरतं, की हातातली काठी दिसते, पण तिचं टोक दिसत नाही. तेव्हा रानवाटेने ओळीने जाताना पुढचा माणूस हाक देतो, मागचे एकेक करून 'हाय' म्हणतात. एखाद्याचं उत्तर आलं नाही, तर पुढच्याने तिथेच उभं राहायचं. पुन्हा हाक द्यायची.

"उत्तर आल्याबिगार पाय उचलायचा नाय," तात्या म्हणाले. "मागनं येल, असं म्हनून चालू लागला, तर त्यो दरीत जातो. आन् बाय, तूच सांगतेस ना, दिस मावळाया आलाय, काळ शेवटचा हाय? मंग धुकं दाट होनार. तवा हाक जास्त द्यायची का कमी?"

मी कात्रणं चिकटवत होते, ते हाका देत होते. एवढाच काय तो आमच्यात फरक.

त्याच सुमारास आमच्या घरात धुकं उतरलं. ह्यांच्या पाळीवरचा जोडीदार कामावर असताना अपघातात गेला. दोघं रोज एकाच मोटारसायकलवरून जायचे, एका डब्यात जेवायचे. त्याच्यासाठी आमच्याच खोलीत प्रार्थना ठेवली होती. बाहेरगावाहून एक प्रचारक आले होते. ते म्हणाले, अशा घटना म्हणजे शेवटच्या काळाच्या खुणा आहेत, आपण सावध व्हावं. आमचे हे उठले. शांतपणे म्हणाले, "माझा दोस्त गेलाय. त्याची खूण करू नका." आणि आतल्या खोलीत गेले.

ते गेले ते गेलेच. पुढे कितीतरी वर्षं दर रविवारी बाहेरच्या खोलीत प्रार्थना चालायची आणि हे मधल्या दाराच्या पडद्याआड स्टोव्हला पिन मारत, नाहीतर पंख्याची मोटर खोलून बसायचे. भांडण नाही, तंटा नाही, चहासुद्धा तेच टाकायचे. पण पडदा काही ओलांडायचे नाहीत. माझं त्या वर्षांतलं मागणं एकच होतं, या माणसाने त्या पडद्याच्या अलीकडे यावं. युद्ध आणि भूकंप मी हळूहळू विसरले. दुसऱ्या कुणाचं घर पडतंय म्हणून खुणा मोजणं सोपं असतं. स्वतःच्या घरातला एक पडदा हलत नाही, तेव्हा मोजायला काही सुचत नाही.

तात्यांनी मात्र ह्यांचं नाव ओळीतून काढलं नाही. सगळ्यांच्या हाका झाल्या, की सर्वांत शेवटी पडद्याकडे तोंड करून म्हणायचे, "बॉयलरवाले, हायत का?"

आणि थांबायचे.

आतून पान्याचा आवाज यायचा. तोही बंद व्हायचा. उत्तर यायचं नाही. आम्ही अवघडून बसायचो. एकदा नेमकी तेव्हाच कुकरने शिट्टी दिली. टेलर फसकन हसला. तात्या गंभीरपणे म्हणाले, "त्यो कुकर हाय. बॉयलरवाल्यांचा आवाज मला ठाव हाय." पडद्याआडून खाकरल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मी शपथेवर सांगते, ते हसू होतं.

पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे. त्यांना हे काही पटेना. ते तात्यांना म्हणाले, जो येत नाही त्याच्यासाठी सगळ्यांना का खोळंबवता? मंडळीने पुढे जायला हवं, वाढायला हवं.

तात्यांनी हात जोडले. "सायब, त्येंला सोडून पुढं गेलो, तर पुढं गेलो असं कसं म्हनायचं?"

तसे ते थांबत राहिले. कितीदा त्यांची पोलादपूरची एसटी चुकली. मग हेच मागच्या दाराने बाहेर यायचे, मोटारसायकल काढायचे आणि तात्यांना नाक्यापर्यंत सोडून यायचे. वाटेत काय बोलता, म्हणून मी विचारायची. हे म्हणायचे, "काही नाही. ते माझ्या खांद्याला धरून बसतात."

मग एका पावसाळ्यात तात्या यायचे बंद झाले. छातीत कफ झालाय, खाट धरलीय, असा निरोप वाडीवरून दूध घालायला उतरणाऱ्या बाईने आणला. मी म्हटलं, रविवारी सगळे मिळून जाऊ. ह्यांनी दुसऱ्याच दिवशी सकाळी मोटारसायकल पुसली. "बस मागे," म्हणाले.

घाटात एका टपरीपाशी गाडी लावली आणि पायवाट धरली. थोडं वर गेलो आणि धुकं आलं. तात्यांनी सांगितलेलं मी नेहमी बोधकथेसारखं ऐकलं होतं. खरोखर हातातल्या छत्रीचं टोक दिसेना. हे दोन पावलं पुढे होते, तेही दिसेनात. वाट डावीकडे जातेय की उजवीकडे, कळेना. एका बाजूला दरी आहे, एवढं मात्र दोघांनाही माहीत होतं. रोज जगाच्या शेवटाची वाट पाहणारी मी, माझा स्वतःचा शेवट जवळ आलासा वाटताच करवंदीच्या जाळीला दोन्ही हातांनी धरून खाली बसले. काटे रुतले तरी सोडेना.

तेवढ्यात वरून, कुठूनतरी, हाक आली. थकलेली, खोकल्याने मध्येच तुटलेली.

"हाय काऽऽ?"

धुकं उतरलं की वाटेवर कुणी असेल म्हणून ते खाटेवरूनच हाक देत, हे आम्हाला नंतर त्यांच्या सुनेने सांगितलं. त्या घडीला मला काही माहीत नव्हतं. मी जाळी तेवढी आणखी घट्ट धरली.

आमचे हे धुक्यात उभे होते. त्यांनी उजवा तळवा तोंडापाशी वाकडा धरला आणि छाती फुटेल असे ओरडले, "हाऽऽय!"

वरून पुन्हा हाक आली. ह्यांनी पुन्हा उत्तर दिलं. मग मागे हात करून मला उठवलं. त्या हाकेला धरून आम्ही वर चढलो, एक हाक, एक उत्तर, तेवढंच पाऊल.

तात्या पडवीतल्या खाटेवर घोंगडी पांघरून बसले होते. अगदी काटकुळे झाले होते. ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "बॉयलरवाले, आज ऐकू आलं."

"मला दर रविवारी ऐकू येत होतं, तात्या."

"त्ये ठाव हाय मला. तुमचं मला येत नव्हतं."

हे त्यांच्या पायाशी बसले. मग जोडीदाराचं बोलायला लागले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तो डब्यातलं लोणचं कसं चोरायचा, गाडीवर मागे बसून बेसूर कसा गायचा. तात्यांनी समजूत घातली नाही, बायबलातलं वचन सांगितलं नाही. मला दोनचार आठवत होती, पण त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी तोंड मिटलं. ते फक्त ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांच्या गालावरून पाणी वाहू लागलं. मग त्यांनी ह्यांचा हात धरला. नर्सबाईंनी त्यांचा धरला होता तसाच असणार.

निघताना तात्या म्हणाले, "आता हाक तुम्ही द्यायची."

पावसाळा सरता सरता ते गेले. पुढच्या रविवारी आमेन झालं आणि कुणी चपला शोधल्या नाहीत. पडदा बाजूला झाला. हे बाहेर येऊन तात्यांच्या जागी, भिंतीला टेकून बसले, आणि त्यांनी तळवा तोंडाशी धरला. माझी पाळी आली तेव्हा मी हुंदक्यातून काय म्हटलं ते मलाच कळलं नाही. "नीट बोल," हे म्हणाले. "असशील तर सांग."

या गोष्टीला आता पुष्कळ पावसाळे झाले. सावित्री नदीच्या पुराचं पाणी घरात येऊन गेलं, ते कपाट भूकंपांसकट कुजलं. नातवंडं मला फोनवर आलेले निरोप वाचून दाखवतात, अमुक झालं, तमुक झालं, शेवट जवळ आला. पाठवणारी बाई कशी असेल ते मला न पाहता ओळखू येतं. मी तिला हसते आणि उन्हाळ्यात सोडे निवडून अगोट भरते. प्रभू येणार हे मी अजूनही मानते, पूर्वीपेक्षा जास्तच मानते. फक्त तेव्हा मी विचारायची, इतका उशीर का? आता वाटतं, तो पुढच्या वळणावर उभा असेल. कुणाचंतरी उत्तर यायचं राहिलं असेल.

आमच्या ह्यांना हल्ली ऐकू कमी येतं, म्हणून हाक मी देते. सगळ्यांची नावं होतात. शेवटी मी त्यांच्याकडे वळून, तळवा वाकडा करून म्हणते, "बॉयलरवाले, हायत का?" ते खिडकीकडे तोंड करून बसलेले असतात. नवीन आलेल्या एखाद्याला वाटतं, आजोबांना झोप लागली. तो उठायला लागतो. आम्ही त्याला खूण करून बसवतो.

आणि थांबतो.