घटामागचं दार

आमच्या तालुक्याच्या गावातल्या हॉलला दोन दारं आहेत. एक पुढचं, जिथून सगळे आत येतात. दुसरं मागचं, ज्याच्या बाहेर लोखंडी जिना आहे आणि खाली केळीवाल्याची गाडी उभी असते. या मागच्या दारापायी माझी झोप उडाली आणि थोरल्या दिरांशी वाकडं आलं.

हॉल दुकानांच्या वरच्या मजल्यावर आहे. समाजानं वर्गणी काढून लग्नांसाठी बांधला, पण लग्नं गावाबाहेरच्या लॉनवर गेली. मग हॉलवर ऑर्केस्ट्रा होऊ लागले, वाढदिवसांचे डीजे, थर्टी फर्स्टच्या पार्ट्या, आणि नवरात्रात गरबा. आमच्या वऱ्हाडात गरबा कधी होता? पण बुलढाण्यात होतो, मेहकरात होतो, मग आम्हीच काय घोडं मारलं होतं! एसी बसवला तेव्हा गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून सगळ्या खिडक्या प्लायवूड ठोकून बंद केल्या. उद्घाटनाला आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, हॉल चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष. माणूस वाईट नाही. कुणाकडे मयत असो की साखरपुडा, सगळ्यांच्या आधी हजर. पण ‘काही होत नाही’ हे वाक्य त्यांच्या तोंडात बसलेलं. शिवाय जुन्या वळणाचे असल्यामुळे धाकट्या भावाच्या बायकोशी ते थेट बोलत नाहीत. मी समोर उभी असले तरी जाऊबाईंकडे बघतात आणि म्हणतात, “तिले सांग.” मग जाऊबाई माझ्याकडे वळून तेच पुन्हा सांगतात, जणू मी बहिरी आहे.

त्या वर्षी मंडळानं ठरवलं की नुसता गरबा नको, लोक नावं ठेवतात, हॉलमध्येच घट बसवू. देवीचं तोंड पूर्वेला हवं, म्हणजे पाठ पश्चिमेला. आणि पश्चिमेच्या भिंतीत, अगदी मधोमध, ते मागचं दार. त्याची चौकट आयती मखरासारखी दिसते. डेकोरेशनवाल्यानं दारावर लाल पडदा सोडला, दोन्ही बाजूंना थर्माकोलचे खांब उभे केले, वर लायटिंगच्या माळा. पुढे चौरंग, चौरंगावर परडी, परडीत काळी माती, त्यात गहू पेरलेले, मधे घट, बाजूला अखंड दिवा. मी ओटी घेऊन पोचले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

“बाई, मागचं दार घटाच्या मागं गेलं,” मी जाऊबाईंना म्हटलं.

“हो ना! किती साजरं दिसून राह्यलं पाहा.”

“पण काही झालं तर लोकं निघतीन कुठून?”

“आले तिथूनच. अजून कुठून?”

माझ्या डोळ्यांपुढे मात्र छत होतं. सगळ्या हॉलला वरून झालरी सोडल्या होत्या, गुलाबी आणि पिवळ्या. माझं माहेर धाड गावचं. वडील आठवडी बाजारात कापडाचं दुकान लावायचे, आणि आता आमचंही रेडिमेडचं दुकान आहे. माल घेताना आम्ही धागा ओढून काडीनं पेटवून बघतो. सुती धाग्याची राख होते. सॅटिनसारखा धागा वितळतो, त्याचा थेंब होतो, आणि तो बोटावर पडला की कातडी घेऊन निघतो. त्या झालरी सगळ्या सॅटिनच्या होत्या. त्यांच्याखाली आमच्या गावच्या पोरी नाचणार होत्या, त्यात माझी अकरावीतली लेक.

मी भासऱ्यांना गाठलं. ते जाऊबाईंकडे बघत म्हणाले, “तिले सांग, घट बसला की दसऱ्यापर्यंत हलत नाही. एवढं तर तिलेही माहीत हाय.”

ते मला माहीत होतंच. मी काही मोठी सुधारक नाही. आमच्या घरी घट बसतो तेव्हा मी केरसुणीसुद्धा त्याच्यापासून हातभर लांबून फिरवते. एकदा परडीखाली मुंग्या झाल्या तरी परडी उचलली नाही, भोवती हळद टाकली. म्हणून मी गप्प बसले, आणि गप्प बसल्याचा मला रोज राग येत राहिला.

गरब्यात ते कारंजं उडवतात ना, ठिणग्यांचं, नवरा-नवरीच्या एंट्रीला असतं तसं, तेही आणलं होतं. डीजेवाला मला म्हणाला, “थंडी आग हाय वहिनी. हात घालून दाखवू काय?” आणि खरंच त्यानं तळहात घातला आणि हसत बाहेर काढला. आजूबाजूच्या पोरींनी शिट्ट्या मारल्या. आमच्याकडे सगळ्यांचा ठाम समज होता की ही आग जाळत नाही. तिचं नावच थंडी.

रोज संध्याकाळी मी लेकीबरोबर जायची आणि पुढच्या दाराजवळ खुर्ची धरून बसायची. बाया म्हणायच्या, सासूसारखी राखण करते पोरीची. नवरा म्हणायचा, “तू काऊन इतकी भेऊन राह्यली? एवढे लोकं येडे हायेत काय?” मी नाचणाऱ्यांकडे बघतच नव्हते. झालरीकडे बघायची, कारंज्याकडे बघायची, मग लाल पडद्याकडे. पडद्यापुढे जाऊबाई बसलेल्या. त्यांचे नऊ दिवसांचे कडक उपास, दिव्यात तेल घालायचं काम त्यांचं.

सातव्या माळेला आरती झाली. बक्षिसं होती म्हणून नेहमीपेक्षा जास्त गर्दी. चार कोपऱ्यांत चार कारंजी सोडली. त्यातलं एक झालरीच्या टोकाखाली ठेवलेलं. मला आधी एक तपकिरी डाग दिसला, चहा सांडल्यासारखा. तो पसरला, आणि मग खाली थेंब पडू लागले, पेटलेले थेंब. गाणं चालूच होतं. काही पोरींना वाटलं हाही कार्यक्रमातलाच भाग आहे. त्यांनी मोबाईल वर धरले.

मग कुणीतरी किंचाळलं आणि सगळा हॉल पुढच्या दाराकडे लोटला. कुणीतरी मेन स्विच पाडला आणि काळ्या धुरात काही दिसेना. माझी खुर्ची गेली, मी भिंतीला दाबली गेले. मी लेकीच्या नावानं ओरडत होते आणि माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. पुढच्या जिन्यावर माणसं एकमेकांवर पडत होती. मी भिंत धरून उलटी फिरले, घटाकडे. तिथे दिव्याचा तेवढा उजेड होता.

तिथे जे बघितलं ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आणखी काही जणांना मागच्या दाराची आठवण झाली होती. खोकत, डोळे चोळत ते आले होते आणि घटापुढे येऊन थांबले होते. मागे धूर, पुढे दार, मधे वीतभर उंचीचे गव्हाचे कोंब. कुणी ओलांडेना. एका माणसानं तर चप्पल काढली. मीही हात पुढे केला आणि तो अर्ध्यावर राहिला. मला अजून त्या हाताची लाज वाटते आणि भीतीही वाटते.

“बाई,” मी म्हटलं, “उठा. दार.”

जाऊबाईंनी वर झालरीकडे पाहिलं. मग हात जोडले. दिव्याची वात दोन बोटांत धरून चिमटली आणि घटासकट परडी उचलून लेकरासारखी छातीशी घेतली. चौरंग त्यांनी पायानंच बाजूला सारला. पडदा मी ओढला. कडी गंजलेली होती, तो चप्पल काढलेला माणूस खांदा लावून दारावर आदळला तेव्हा निघाली. बाहेरची हवा आत आली आणि आम्ही सगळे लोखंडी जिन्यावर. माझी लेक त्या दारातून बाहेर आली, ओढणी नव्हती, केसांचं टोक जळालेलं. मी तिला धरलं आणि आधी एक चापट मारली, का ते मलाही सांगता येणार नाही.

पोरांनी झालरी ओढून पायाखाली तुडवल्या, पाण्याचे जार ओतले, आग विझली. जीव कुणाचा गेला नाही. पुढच्या जिन्यावर एका पोरीचं मनगट मोडलं, काहींना भाजलं. सगळे म्हणाले, देवीनं वाचवलं.

मग मंडळाची बैठक झाली. मला वाटलं होतं, आता विचारतील. कारंजं तिथं कुणी ठेवलं, झालरीला परवानगी कुणी दिली, दार का झाकलं. भासऱ्यांनी घसा खाकरला आणि विचारलं, “घट कोणी हलवला?”

“म्हणूनच तर आग लागली,” एक जण म्हणाला.

“आग आधी लागली ना बाप्पा, घट मंग हलला,” दुसरा म्हणाला. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

सगळे माझ्याकडे बघत होते. पहिल्या दिवशी दार दार करणारी मीच. नवरा सतरंजीचे धागे मोजत बसला. मनगट मोडलेल्या पोरीचा बाप अगदी मागे बसला होता. त्याचं दुकान हॉलच्या खालच्या गाळ्यात आहे आणि गाळा समाजाचा. त्याची भाडेपावती मंडळच फाडतं. मला इतका संताप आला की उठून उभं राहावंसं वाटलं, पण जाऊबाई आधी बोलल्या.

“मी हलवला. दिवाही म्याच विझवला. देवीले काही म्हणायचं असीन तर ते मले म्हणीन.”

भासऱ्यांनी बायकोकडे बघितलं, मग छताकडे, मग म्हणाले, “चहा सांगा.” चहा आला आणि बैठक संपली.

पुढच्या वर्षी मंडळानं ठरवलं की घट आता अध्यक्षांच्या घरी बसेल, हॉलमध्ये फक्त गरबा. झालरीही नाहीत. मी खुळ्यासारखी खूश झाले. पहिल्या दिवशी संध्याकाळी मुद्दाम बघायला गेले, तर मागच्या दारापुढे डीजेचे बॉक्स रचलेले, माझ्या डोक्याच्याही वर.

भासरे तिथेच होते. जाऊबाई नव्हत्या, म्हणून ते डीजेवाल्याकडे बघत म्हणाले, “तिले सांग, बॉक्स तर हलते ना? घट थोडीच हाय!”

मी घरी आले. लेक आरशापुढे घागरा घालून उभी होती.

“नाही जायचं,” मी म्हटलं.

मला वाटलं रडेल, भांडेल, बापाला हाक मारेल. तिनं बांगड्या काढल्या आणि विचारलं, “बरं. मी घरी राह्यते. अन बाकीच्या पोरी? त्या तर गेल्या ना आई.”

मी चप्पल घातली, मधल्या गल्लीतून जाऊबाईंकडे गेले. त्या घटापाशी बसल्या होत्या. मी फक्त “बॉक्स” एवढंच म्हटलं. त्यांनी सुनेला दिव्यापाशी बसवलं आणि पदर खोचून निघाल्या.

हॉल गच्च भरला होता. फेर सुरू झाले होते, फरशी पायांखाली थरथरत होती. मी म्हटलं, आधी अध्यक्षांना विचारू. जाऊबाईंनी कुणालाच विचारलं नाही. सरळ बोर्डापाशी गेल्या आणि जाडी वायर धरून पिन ओढली. एकदम सगळं थांबलं. हातातल्या टिपऱ्या तशाच राहिल्या. भासरे धावत आले.

“काऊन बंद केलं?”

“दार दाखवा,” जाऊबाई म्हणाल्या.

चार जणांनी मिळून बॉक्स सरकवले, बराच वेळ लागला. मागे दार होतं. दाराला नवं कोरं कुलूप होतं.

“मागच्या वर्षी समद्या पोट्ट्याइले हे दार माहीत झालं ना,” एक कार्यकर्ता म्हणाला. “पास न घेता घुसतीन म्हणून लावलं.”

“चावी कोणापाशी हाय?” मी विचारलं. भासऱ्यांनाच विचारलं, थेट त्यांच्याकडे बघून.

त्यांनी कार्यकर्त्याकडे पाहिलं. कार्यकर्त्यानं खजिनदाराकडे. खजिनदारानं खिसे चाचपले आणि मान हलवली. तेवढ्यात मागे वळून बघते तर माझी लेक आमच्या मागोमाग आलेली, मैत्रिणींच्या घोळक्यात मधोमध उभी. हॉलमध्ये अख्ख्या गावच्या पोरी होत्या, आणि चावी कुणापाशी आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.