हसणाऱ्या बायांचा फोटो

“उजेड अजून उठला नाही,” असं म्हणून भाऊ कॅमेरा मांडीवर ठेवायचे आणि समोर नुसते बघत बसायचे. तिकडे मंत्री भाषण संपवून गाडीत बसलेले असायचे, मांडववाले खुर्च्या आवरायला लागायचे. आमचे छायाचित्रकार मात्र उजेडाची वाट बघत! तुमच्याही ओळखीत असं कुणीतरी असेलच.

जळगावच्या आमच्या पाक्षिकात मी उपसंपादक होतो. त्यांना सगळे भाऊच म्हणत. संपादकही, आणि भांडतानासुद्धा.

“भाऊ, मी पाहुण्यांचा फोटो मागितला होता. तुम्ही मांडवाचा पडदा आणलात.”

“पडद्यामागेच उभे आहेत की ते. सावली बघा, साहेब.”

संपादक चष्मा काढून डोळे चोळायचे. पण आम्ही जेवायला उठलो की ते एकटेच त्या पडद्याकडे बघत बसायचे, हे मी पाहिलेलं आहे.

खरं बिनसलं ते अमळनेरच्या आगीवरून. तिथल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गंजीला आग लागली. भाऊ पोचले तेव्हा ती विझत आली होती. कापसाचे अर्धवट जळालेले पुंजके हवेत तरंगत होते आणि सकाळच्या उन्हातून सावकाश खाली येत होते. फाटकाबाहेर कामावरच्या बाया एकमेकींना हाका मारत होत्या. सगळ्यांची ओ आली, एकही कमी नव्हती. तेव्हा त्यांना एकदम हसू फुटलं. केसांत कापूस, गालांवर काजळी, आणि एकमेकींच्या गळ्यात पडून त्या हसत होत्या. मधोमध एक म्हातारी अक्का होती, तोंडाला पदर लावलेली.

फोटो संगणकावर उघडला तेव्हा आम्ही सगळे खुर्च्या सोडून त्याच्याभोवती जमलो.

“आगीच्या बातमीत हसणाऱ्या बाया?” संपादक म्हणाले. “एवढं नुकसान झालंय, भाऊ. वाईट दिसेल.”

“पण त्या हसत होत्या, साहेब.”

मुखपृष्ठावर आली ती एकटी अक्का. आजूबाजूच्या बाया कापलेल्या. तोंडाला पदर, डोळ्यांत पाणी. खाली मोठ्या अक्षरांत छापलं होतं, ‘आक्रोश’.

अक्काची लेक सुरतेला होती. कुणीतरी तिला मोबाइलवर ते मुखपृष्ठ दाखवलं. घरातलं कुणीतरी गेलं असं समजून ती रडत रडत गाडीत बसली. भाऊ अंक घेऊन अमळनेरला गेले तेव्हा ती आईला धरून बसलेली होती.

अक्का रागावली नाही. अंक डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, “मी रडनू नही रे भाऊ. बठ्ठ्या जित्त्या शेतस म्हणीसन हसनू.” सगळ्या जिवंत आहेत म्हणून हसले, असं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं भाऊ मला नंतर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते संपादकांपुढे उभे राहिले. “तुम्ही तिला रडवलंत.”

“मी फक्त बाजू कापल्या, भाऊ.”

“बाजूलाच तर हसू होतं.”

गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. आवाजही चढवला नाही.

पुढच्या अंकात मधल्या दोन्ही पानांवर तो अख्खा फोटो आला. वर मथळा नव्हता. खाली संपादकांनी स्वतः लिहिलं होतं, ‘या बाया हसत होत्या. चूक आमची.’ भाऊंचा फोन आला, “साहेब, छान छापलात.” आले मात्र नाहीत. धुळ्याला बहिणीकडे राहायला गेले आणि लग्न-बारशांचे फोटो काढू लागले.

पुढे एका पावसाळ्यात भाऊ वारल्याचं कळलं. मला ते शेवटचे भेटले त्याच्या आधीच्या हिवाळ्यात, धुळ्यात, पांझरा नदीच्या काठी. आम्ही चहा घेतला.

“साहेब तुमची आठवण काढतात,” मी म्हणालो.

“त्यांना म्हणावं, गुडघे सांभाळा. थंडी फार शे.”

पलीकडे कुणाचं तरी बारसं होतं. भाऊ पुलावरून निघाले. समोरून शेळ्या आल्या, तसे ते कठड्याला टेकून उभे राहिले. एक करडू त्यांच्या पिशवीला हुंगायला लागलं. भाऊ वाकून त्याच्याशी काहीतरी बोलत होते. नदीवरून धुकं वर चढत होतं. करडाच्या गळ्यातली घंटी मला बराच वेळ ऐकू येत राहिली.