आबांनी आणलेला पाट

अनन्या, कबीर,

अप्पाआजोबांनी तुम्हाला फोनवर सांगितलं, "आक्काला हल्ली भास होतात," आणि तुम्ही दोघं हसलात. म्हणून हे लिहिते आहे. भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. जे घडलं ते भर दुपारी घडलं आणि मी पूर्ण जागी होते.

माझे वडील, आबा, महायुद्धात आफ्रिकेत लढले. येताना एक पदक आणलं आणि एक लहानसा लाकडी पाट – एकाच खांबावर उभा, वरून खोलगट. विकत घेतला, कुणी दिला की उचलला... त्यांनी कधी सांगितलं नाही. उंब्रजच्या घरी दिवाळीला आम्हा पोरांना त्यावर बसवून तेल लावायचे. पुढे मी आणि माझा भाऊ अप्पा, आम्ही तो साताऱ्यातल्या एका छोट्या वस्तुसंग्रहालयाला दिला. काचेमागे पाटी लागली – 'पाट, आफ्रिका'. नंतर जागा अपुरी पडली आणि तो कोठीच्या खोलीत गेला. तिथल्या वस्तू पुसून नीट लावायला मी अधूनमधून जाते.

गेल्या उन्हाळ्यात तिथे मदतीला हिरुत आली. इथिओपियाची मुलगी, सांगलीला शिकते. मी पाटावरचं फडकं सोडलं तशी ती हसायलाच लागली.

"आजी, हा पाट नाही, उशी आहे! माझी आजी अशीच घेते. मान टेकून बघा."

मी चटईवर आडवी झाले. इतक्यात तिचा फोन वाजला, ती बाहेर गेली. आणि माझ्या उजव्या कानाशी कुणीतरी गुणगुणायला लागलं. बाईचा आवाज... शब्द नाहीत, नुसती चाल. मी उठून बसले – थांबलं. परत मान टेकली – तिथूनच पुढे सुरू.

हिरुत आल्यावर मी ती चाल म्हणून दाखवली. तिला ओळखीची वाटेना. तिने गावी आजीला व्हिडिओ कॉल लावला. म्हातारीने ऐकलं, डोळे मिटले आणि पुढची ओळ गायली. म्हातारीची आई पोरांना झोपवताना म्हणायची, ते गाणं.

मी ठरवलं, उशी परत जाणार. संग्रहालय म्हणालं, देणाऱ्या दोघांची संमती हवी. अप्पाला बोलावलं. तुम्हाला ठाऊक आहे, निवृत्त सुभेदार, आवाज अजून परेडचा.

"यूट्यूबवर ऐकलं आसशील कुठंतरी."

"दाखव मग."

"आक्का, आबांच्या शौर्याची आठवण हाय ती!"

"शौर्याची आठवण पदक आहे. ते तुझ्याकडे आहे, ठेव."

"आन् आपुन समदी तिच्यावर बसून न्हालो, त्याचं काय?"

"तेच तर! कुणाच्या तरी डोक्याखालची वस्तू आपण बुडाखाली घेतली. तुला हा भास वाटतो ना? ये, टेक मान."

अप्पा उशीकडे बराच वेळ बघत राहिला. मान काही टेकली नाही.

"लय हट्टी हायस," म्हणाला आणि सही केली.

उशी आता हिरुतच्या भागातल्या संग्रहालयात आहे. डॉक्टरांनी माझे कान तपासले, काही दोष नाही. झालं ते कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणून झालंच नाही, असं मात्र मी कुणालाही म्हणू देणार नाही – अप्पाला नाही, तुम्हालाही नाही.

पदक अप्पाच्या कपाटात आहे. उशी तिच्या मुलखात आहे. ती चाल मला अजून येते.